विषारी बाणाचा दृष्टान्त आणि तत्त्वज्ञानाचे प्रयोजन

तत्त्वज्ञानाने पोट भरते काय, हा प्रश्न आता केवळ व्यवहारी माणसेच विचारतात असे नव्हे; धम्मचळवळीतील अनेक कार्यकर्तेही तो विचारू लागले आहेत. समाजापुढे बेरोजगारीचे, अत्याचारांचे आणि शिक्षणाचे प्रश्न उभे असताना अनात्म किंवा प्रतीत्यसमुत्पाद यांची चर्चा करणे हा फावल्या वेळेचा उद्योग होय, असे त्यांचे म्हणणे असते. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ ते तथागतांचीच साक्ष काढतात. ही साक्ष म्हणजे मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तामधील विषारी बाणाचा दृष्टान्त. तो खरोखरच तत्त्वज्ञानाच्या विरुद्ध जातो काय, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुत्ताचा प्रसंग सुपरिचित आहे. जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, जीव आणि शरीर एक की भिन्न, मरणानंतर तथागत असतो की नसतो, अशा दहा प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर आपण ब्रह्मचर्यजीवन सोडून जाऊ, असे मालुंक्यपुत्त भगवंतांना सांगतो. भगवंत त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचे उदाहरण देतात. आप्तेष्ट शल्यवैद्याला घेऊन येतात. परंतु बाण मारणारा कोण हे कळल्यावाचून मी बाण काढू देणार नाही, असा त्या माणसाचा हट्ट असतो. उत्तरे मिळण्यापूर्वीच तो मरून जाईल, हे उघड आहे.

यावरून बुद्धांनी तत्त्वचिंतनच त्याज्य ठरविले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो आम्हांस मान्य नाही. मूळ सुत्त लक्षपूर्वक वाचले असता जखमी माणसाचा पहिला प्रश्न कोणता, हे ध्यानात येते. बाण मारणारा क्षत्रिय होता, ब्राह्मण होता, वैश्य होता की शूद्र होता, हा तो प्रश्न होय. त्यानंतर नाव, गोत्र, उंची, कातडीचा रंग, गाव आणि मग धनुष्य, दोरी, पिसे यांची चौकशी येते. प्राण कंठाशी आले असताही माणूस आधी वर्ण विचारतो! निरर्थक प्रश्नांच्या यादीत वर्णाची चौकशी अग्रभागी आहे, याची दखल आमच्या भाष्यकारांनी फारशी घेतलेली नाही. नवख्या माणसाचे आडनाव विचारून त्याच्या जातीचा अदमास घेणाऱ्या समाजाला हा दृष्टान्त अडीच हजार वर्षांनंतरही लागू पडतो.

शिवाय भगवंत केवळ मौन धारण करीत नाहीत. आपण काय सांगितले नाही आणि काय सांगितले, हे ते दोन्ही स्पष्ट करतात; दुःख, दुःखाचा उदय, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग आपण सांगितला, असे म्हणतात. कोणता प्रश्न माणसाच्या हिताचा आणि कोणता नाही, हा विवेक करणे हेच तत्त्वज्ञानाचे पहिले कार्य होय. अव्याकृत प्रश्न बाजूला ठेवणे ही विचाराची हकालपट्टी नव्हे, तर विचाराने केलेली निवड आहे.

दुसरा मुद्दा शल्यवैद्याचा. बाण आपोआप निघत नाही. मज्झिम निकायातच सुनक्खत्त सुत्तात बाणाचा दृष्टान्त पुन्हा येतो आणि तेथे त्याचा उलगडाही केला आहे. बाण म्हणजे तृष्णा, विष म्हणजे अविद्या, जखमेचा शोध घेणारी सळई म्हणजे स्मृती आणि शस्त्र म्हणजे आर्य प्रज्ञा. दोन्ही सुत्ते एकत्र वाचली म्हणजे तत्त्वज्ञानाला नाकारण्यासाठी बाणाचा दाखला देणारे लोक वैद्याच्या हातातील शस्त्रच काढून घेत आहेत, हे लक्षात येते.

हे शस्त्र समाजाच्या जखमेवर कसे चालते, याचे उदाहरण अस्सलायन सुत्तात आहे. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण, असा दावा घेऊन आलेल्या सोळा वर्षांच्या विद्वान तरुणाशी भगवंत वाद घालतात. योन आणि कंबोज देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण असून आर्याचा दास आणि दासाचा आर्य होतो, याची ते आठवण देतात. चंदनाच्या लाकडातून पेटविलेला अग्नी आणि एरंडाच्या लाकडातून पेटविलेला अग्नी यांच्या ज्वालेत, तेजात काही भेद असतो काय, असे विचारतात. येथे चमत्कार नाही, दैवी आदेश नाही. आहे तो अनुभव आणि तर्क. तरुण निरुत्तर होतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात याच दिशेने विचार केला होता. जात ही विटांची भिंत नसून मनातील धारणा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. धारणेचा पाडाव पहारीने होत नाही. भारतीय संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याचे सामर्थ्य मोठे आहेच. परंतु अस्पृश्यता का चूक आहे, याचे उत्तर ज्या मनाला पटलेले नाही, ते मन कायद्याला वळसा घालण्याची वाट शोधीत राहते. आधुनिक समाजात तत्त्वज्ञानाचे मोल येथे आहे.

1957 साली प्रकाशित झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याच्या तीन कसोट्या दिल्या आहेत. बुद्ध बुद्धिवादी असल्याने जे विवेकास व तर्कास धरून असेल ते, अन्य गोष्टी समान असता, त्यांचे मानावे. मानवी कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा वादात ते पडले नाहीत. आणि निश्चित व अनिश्चित विषयांत त्यांनी भेद केला. यांपैकी पहिली कसोटी एकटी वापरणे आम्हांस धोक्याचे वाटते. प्रत्येक युग आपल्याला तर्कशुद्ध वाटेल ते बुद्धांच्या मुखी घालू लागेल, आणि मग आम्ही बुद्धांकडून शिकण्याऐवजी त्यांच्याकडून आमच्याच मतांना होकार मिळवू. उरलेल्या दोन कसोट्या या धोक्याला आवर घालतात. म्हणून तिन्हींचा एकत्र उपयोग झाला पाहिजे. आमच्या लेखनात मात्र बहुधा पहिलीच उद्धृत केली जाते.

याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेब चार प्रश्न मांडतात. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत काय? आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावावी? भिक्खू हा केवळ आदर्श मानव की समाजसेवक? पहिल्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर, म्हणजे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष, सर्वांना ठाऊक आहे. परंतु हे प्रश्न वाचकांनीही पुढे न्यावेत, अशी त्यांची अपेक्षा होती, हे आम्ही विसरलो.

वर्षावासात विहाराविहारांतून या ग्रंथाचे वाचन होते. ही परंपरा गौरवास्पद आहे. तथापि आमच्या पाहण्यात आलेल्या वाचनांत त्या चार प्रश्नांपाशी थांबून चर्चा झाल्याचे क्वचितच आढळले. वाचन संपते, वंदना होते, ग्रंथ पुन्हा वस्त्रात गुंडाळला जातो. प्रश्नांनी आरंभ होणाऱ्या ग्रंथाची आम्ही पोथी करीत आहोत. ज्या उपासकाच्या मुलाने विहारात शंका विचारली आणि ज्याला गप्प बसविण्यात आले, तो मुलगा उद्या विहारात येणार नाही. आणि आला तरी धम्म घेऊन जाणार नाही, केवळ विधी घेऊन जाईल.

वाचनाच्या प्रत्येक दिवशी एक प्रश्न आणि त्यावर अर्ध्या तासाची मोकळी चर्चा, एवढे जरी विहारांनी सुरू केले, तरी पुष्कळ साधेल. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी परंपरा, ग्रंथ किंवा गुरू यांच्या भरवशावर काहीही न स्वीकारण्यास सांगितले. तो उपदेश कालामांइतकाच आम्हांलाही केलेला आहे.