काउंटरच्या पलीकडचा प्रवास

माझ्या आतेबहिणीने ऑस्ट्रेलियाच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाच्या सोडतीत नाव घातलं, तेव्हा तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला होता. खाली एकच ओळ : 'ताई, लागली तर एक वर्ष तिकडे. आईला आत्ताच सांगू नकोस.'

भारत आणि ऑस्ट्रेलियामधला व्यापार करार २०२२मध्ये झाला, त्यातून ही वाट उघडली. वय १८ ते ३०, वर्षाला जागा फक्त १०००, त्यामुळे निवड सोडतीने. ऑक्टोबर २०२४मध्ये पहिली नोंदणी सुरू झाली. पंचवीस ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे आणि वाट बघायची. नंबर लागला तर वर्षभर फिरा, आणि फिरायला लागणारे पैसे तिथेच काम करून कमवा. ऐकायला याहून चांगलं काय असतं?

मी तिला अंगठा पाठवला आणि त्या रात्री किटी ग्रीनचा 'द रॉयल हॉटेल' (२०२३) बघितला. पुढच्या आठवड्यात आणखी दोन पिक्चर बघितले. हा लेख त्या तिघांबद्दल आहे. (शेवट फोडणार आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून या.)

'द रॉयल हॉटेल'मध्ये हॅना आणि लिव या दोन परदेशी मैत्रिणी सिडनीत मजा करत असतात. मग कार्ड चालेनासं होतं. काम मिळवून देणारी एजन्सी त्यांना खाणकामगारांच्या आडगावातल्या एका पबमध्ये पाठवते आणि आधीच बजावते, की पुरुषांच्या नजरांची थोडी सवय ठेवावी लागेल. खाली बार, वर राहायची खोली. मालक बिली दारूत बुडालेला. आसपास दुसरं काही नाही.

पहिला तासभर जवळजवळ काहीच 'घडत' नाही. एक गिऱ्हाईक द्व्यर्थी नावाची ऑर्डर देतं, हॅनाला कळत नाही, सगळा बार हसतो. कोणी जरा जास्त वेळ टक लावून बघतं. कोणी मदत करतं आणि त्या मदतीची आठवण नजरेत ठेवतं. किटी ग्रीनने याआधी 'द असिस्टंट'मध्ये (२०१९) ज्युलिया गार्नरलाच घेऊन ऑफिसमधला त्रास असाच दाखवला होता. त्यात त्रास देणारा माणूस पडद्यावर धड दिसतही नाही. इथे ती आणखी अवघड गोष्ट करते. समोरचा माणूस भोळा आहे की धोकादायक, हे हॅनाला दर मिनिटाला नव्याने ठरवावं लागतं. लिव म्हणते, तू उगाच ताणतेस. आपणही कधी हॅनाच्या बाजूने असतो, कधी लिवच्या. कुठल्याही मुलीला हा हिशोब समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी त्या दोघी पबला आग लावतात आणि चालत निघून जातात. माझ्या मैत्रिणीने इथे टाळ्या वाजवल्या. मला मात्र तिथेच पिक्चर हातातून निसटल्यासारखा वाटला. का, ते सांगण्याआधी दुसरी फिल्म.

'द रॉयल हॉटेल' ज्यावरून सुचला तो माहितीपट म्हणजे पीट ग्लीसनचा 'हॉटेल कूलगार्डी' (२०१६). कूलगार्डी हे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं गाव. १८९२मध्ये तिथे सोनं सापडलं, लोक लोटले, आणि सोनं आटल्यावर गावही आटलं. पर्थपासून रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या एका पबमध्ये दर काही महिन्यांनी परदेशी बॅकपॅकर मुली बारमागे उभ्या राहायला येतात. प्रवासात पैसे गमावलेल्या दोन फिनिश मुली तिथे पोचतात आणि कॅमेरा त्यांच्यासोबत राहतो.

या माहितीपटात आग लागत नाही. खलनायकही नाही. मालक पहिल्या दिवसापासून खेकसतो, कारण त्याच्या लेखी आधीच्या मुलीही अशाच मंद होत्या आणि पुढच्याही असतील. गिऱ्हाइकं नव्या मुली आल्या म्हणून खूश आहेत. त्यांतले काही खरोखर प्रेमळही आहेत, आणि एकटे तर सगळेच. त्रास होतो तो याच माणसांकडून, रोज थोडा थोडा. ज्या आगीने किटी ग्रीनची गोष्ट संपते, ती इथे लावायची कुणाला? पब जळला तरी पुढच्या बसने येणाऱ्या दोन मुलींना एजन्सी दुसऱ्या पबात पाठवेल.

म्हणजे गोष्ट पबची नाहीच. गोष्ट आहे ती मुलगी तिथून का निघू शकत नाही याची.

तिसरा पिक्चर याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी देऊन बसला होता. टेड कॉचेफचा 'वेक इन फ्राइट' (१९७१), केनेथ कुकच्या १९६१च्या कादंबरीवरून केलेला. जॉन ग्रँट हा एका वैराण खेड्यातला मास्तर. शिक्षण खात्याने त्याला बाँडवर बांधून ठेवलंय. हजार डॉलर भरल्याशिवाय सुटका नाही. सुट्टीत सिडनीला जाताना तो वाटेतल्या खाणगावात एका रात्रीपुरता थांबतो, नाणेफेकीच्या जुगारात आधी जिंकतो, आणखी एक डाव जिंकला की बाँड फिटेल म्हणून पुन्हा लावतो आणि सगळं घालवतो. पुढचे दिवस गावकरी त्याला प्रेमाने, आग्रहाने, बिअर पाजून पाजून संपवत आणतात. या पिक्चरची मूळ निगेटिव्ह अनेक वर्षं हरवली होती. २००४मध्ये ती अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये सापडली आणि २००९मध्ये पिक्चर पुन्हा पडद्यावर आला.

मला हा तिघांतला सगळ्यात धारदार वाटतो, कारण यात दोरी दिसते. बाँड किती, खिशात किती, हे आपल्याला माहीत असतं. 'द रॉयल हॉटेल'मध्ये मुली पैसे संपले म्हणून जातात एवढं कळतं, पण हळूहळू भीती सगळी जागा व्यापते आणि पैशाचा हिशोब मागे पडतो. पबमधली स्वयंपाकीण कॅरल, उर्सुला योविचने उभी केलेली आदिवासी बाई, हा हिशोब सगळ्यात चांगला जाणते. कुणाची बिलं थकलीत तेही तिला ठाऊक आहे. हॅना-लिवना निघून जायला आपला देश तरी आहे. कॅरलची गोष्ट या पिक्चरला अर्धवटच हवी आहे, हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप.

आजच्या बॅकपॅकरची दोरी कोणती? ऑस्ट्रेलियात एक वर्ष संपल्यावर दुसरं वर्ष हवं असेल, तर ठरावीक भागांत, ठरावीक प्रकारचं तीन महिने काम करावं लागतं : शेतात, फळबागेत, बांधकामावर किंवा दुर्गम भागातल्या हॉटेलात. बॅकपॅकर याला नुसतं 'एटी-एट डेज' म्हणतात. हे ८८ दिवस भरले याचा पुरावा म्हणजे पगाराच्या पावत्या, आणि त्या देणार मालक. दिवस साठाव्या क्रमांकावर असताना मालकाने हात खांद्यावर ठेवला, तर तक्रार करायची की अठ्ठावीस दिवस गप्प बसायचं? 'वेक इन फ्राइट'मधला बाँड हाच, फक्त आता डॉलरऐवजी दिवसांत मोजतात.

कायदा अजिबात हलला नाही असं नाही. फळतोडणीत जितक्या पेट्या तितके पैसे अशी मजुरी चालायची. एप्रिल २०२२पासून तिथे तासाच्या किमान वेतनाची हमी आली. जुलै २०२४पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ही कामाची अटच उरली नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना ती आहे. एकाच डॉर्मिटरीतल्या दोन पलंगांवर आता दोन वेगळ्या लांबीच्या दोऱ्या असतील. यावर कुणी पिक्चर काढला तर मी पहिल्या दिवशी बघेन.

हे सगळं मी इतकं तावातावाने का लिहितेय, तेही सांगून टाकते.

बावीस वर्षांची असताना मी हणजूणला, म्हणजे इन्स्टाच्या भाषेत अंजुनाला, एका हॉस्टेलमध्ये महिनाभर 'व्हॉलंटियर' होते. रोज सहा तास रिसेप्शन सांभाळायचं, बदल्यात डॉर्ममधला पलंग आणि नाश्ता. पगार नाही. दुसऱ्या आठवड्यात एक नेहमीचा पाहुणा रोज रात्री काउंटरवर येऊन बसू लागला. एका रात्री तो डॉर्मच्या दारापर्यंत आला. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, 'रेग्युलर आहे गं तो, जरा सांभाळून घे.' माझ्याजवळ चौदाशे रुपये होते. पुण्याला परत जाता आलं असतं. पण घरी 'मी एकटी राहून दाखवते' असं भांडून आले होते. मी आणखी नऊ दिवस राहिले आणि त्या नऊ दिवसांत सूर्यास्ताचे चार फोटो टाकले. आतेबहीण तेव्हा शाळेत होती. तिने चारही फोटो लाइक केले होते.

माझी दोरी मीच वळली होती, असं मी पुष्कळ दिवस मानत होते. हॅनाला तिथे थांबताना बघून पहिल्यांदा वाटलं, की तसं नव्हतं. ज्या माणसाकडे तुमचं काम असतं त्याच्याकडेच तुमचा पलंगही असला, तर 'नाही' म्हणायला तुम्हाला आधी बॅग भरावी लागते.

आपल्या प्रवासवर्णनांत हे कुठून येणार? 'अपूर्वाई'पासून मीना प्रभूंच्या पुस्तकांपर्यंत आपण जे वाचत मोठे झालो, त्यातला प्रवासी मुख्यतः पाहुणा आहे. तो बघतो, चाखतो, हसतो आणि हसवतो. त्यात गैर काही नाही. पण माझ्या बहिणीच्या पिढीचा प्रवास काउंटरच्या दुसऱ्या बाजूनेही होणार आहे. ती पाहुणीही असेल आणि खोली झाडणारीही. तिने लिहिलेलं प्रवासवर्णन मला वाचायचंय, आणि त्यात सूर्यास्ताबरोबर पगाराची पावतीही हवी.

त्या वेळी तिचा नंबर लागला नाही. पुन्हा नाव घालणार म्हणून परवा तिचा फोन आला. मी तिला तिन्ही पिक्चरची नावं सांगितली आणि हणजूणचंही सांगितलं, पहिल्यांदाच.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जाऊ नको म्हणतेस?"

"नाही गं. जा. पण परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, आणि ते कितीही झालं तरी खर्चू नकोस."

"आणि आईला?"

"ते आपण दोघी मिळून सांगू."