घसरता चुंबक आणि मराठी क्रियापद : गृहप्रयोगांच्या भाषेची एक चिकित्सा

मराठीतून विज्ञान सांगण्याची परंपरा रत्नागिरीच्या अभ्यासकास परकी नाही. ‘दर्पण’ (१८३२) आणि ‘दिग्दर्शन’ (१८४०) या नियतकालिकांचे कर्ते बाळशास्त्री जांभेकर ज्या पोंभुर्ल्याचे, ते गाव १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि या परंपरेस संस्थेचा आधार लाभला. ‘घरी करून पाहा’ या धाटणीचे प्रयोगलेखन ही या परंपरेची एक शाखा होय. तिचे शास्त्र तपासले जाते; तिची भाषा मात्र क्वचितच तपासली जाते. प्रस्तुत लेखात एकाच प्रयोगाच्या आधारे ती तपासावयाची आहे.

प्रयोग असा. अॅल्युमिनियमचा जाड पत्रा तिरपा ठेवावा आणि त्यावरून एक शक्तिमान चुंबक सोडावा. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. तरीही तो चुंबक भरकन खाली न येता संथपणे, जवळजवळ एकाच गतीने उतरतो. त्याच उतारावरून त्याच वजनाचा लाकडी तुकडा क्षणात तळ गाठतो. १९८४ च्या सुमारास निओडिमियमचे चुंबक प्रचारात आले आणि पुढे ते स्वस्त झाले, तेव्हापासून हा प्रयोग हौशी मंडळींच्या आवाक्यात आला.

या दृश्याचे वर्णन करताना ‘पत्रा चुंबकाला धरून ठेवतो’, ‘चुंबक उतारावर अडकतो’ अशा नमुन्याची वाक्ये लेखणीतून सहज उतरतात. ती डोळ्यांना खरी वाटतात, पण ती चूक आहेत. आणि ही चूक अलंकाराची नसून आशयाची आहे. ‘धरणे’ व ‘अडकणे’ ही क्रियापदे स्थिर वस्तूलाही लागू पडतात. खुंटीला अडकलेला सदरा हलत नाही. किंबहुना तो हलत नाही म्हणूनच तो अडकलेला. येथे वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चुंबक सरकला की पत्र्याच्या प्रत्येक भागातील चुंबकीय क्षेत्र बदलते, त्या बदलामुळे पत्र्यात विद्युत्प्रवाहांची वलये उत्पन्न होतात, आणि त्या वलयांचे क्षेत्र चुंबकाच्या गतीला विरोध करते. चुंबक थांबला की प्रवाह संपले आणि विरोधही संपला. गतीवाचून हा विरोध नाही; म्हणून तो चुंबकाला मंद करू शकतो, धरून ठेवू शकत नाही.

याचा पडताळा घरीच घेता येतो. चुंबक आणि एक नाणे सारख्याच कागदात गुंडाळून पत्र्यावर ठेवावे व पत्रा हळूहळू उचलावा. दोन्ही वस्तू जवळजवळ एकाच कोनात सरकू लागतील, कारण स्थिर वस्तूला रोखणारे बल केवळ घर्षणाचे असते. फरक दिसेल तो सुटल्यानंतर. पत्रा अधिक तिरपा करून दोन्ही सोडल्यास नाणे पुढे निघून जाईल आणि चुंबक मागे रेंगाळेल. आंबा घाटात चाकाखाली दगड लावून उभी केलेली गाडी आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरणारी गाडी यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. ‘धरणे’ पहिलीचे वर्णन करते, ‘मंदावणे’ दुसरीचे.

नावाने कारण झाकले जाते, याचा दाखला या विषयाच्या इतिहासातच आहे. १८२४ मध्ये फ्रान्सच्या आरागो यांना असे आढळले की, फिरत्या तांब्याच्या चकतीवर टांगलेली चुंबकसूची चकतीबरोबर ओढली जाते. या प्रकारास ‘परिभ्रमणाचे चुंबकत्व’ असे नाव पडले. त्या नावामुळे तो तांब्याचा एक गुणधर्म भासू लागला. १८३१ मध्ये फॅरडे यांनी विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला, तेव्हा खरे कारण उघड झाले. आणि १८३४ मध्ये लेंझ यांनी विरोधाच्या दिशेचा नियम सांगितला.

मराठीतही नावाचा अडसर आहेच. ‘लोहचुंबक’ हा शब्द लोहाशी असलेले नाते सांगतो; संस्कृतातील ‘अयस्कान्त’ही तेच सांगतो. म्हणून लोहेतर धातूवर चुंबकाचा काही परिणाम दिसला की वाचकाचे मन आकर्षणाकडेच वळते. पत्र्यातील वलयाकार प्रवाहांना ‘आवर्ती प्रवाह’ म्हणावे, तर ‘आवर्तसारणी’ शिकलेला विद्यार्थी त्याचा अर्थ ‘ठराविक काळाने पुन्हा येणारा’ असा घेईल. ‘भोवरा प्रवाह’ अधिक बरा. भोवरा हे खेळणेही आहे, हा त्यातील धोका खरा. परंतु भाट्याच्या खाडीत वल्ह्यामागे उठणारा भोवरा ज्याने पाहिला आहे, त्याला वल्हे थांबताच तो विरून जातो हे सांगावे लागत नाही. गतीवरचे अवलंबन या शब्दात आधीच आहे.

तथापि संज्ञेपेक्षा वाक्यरचना महत्त्वाची. ‘चुंबक घसरताना विरोध होतो’ या वाक्यातील ‘-ताना’ केवळ समकालीनता दाखवितो. ‘घसरल्यामुळे विरोध होतो’ हे कार्यकारण सांगते. प्रयोगलेखनात पहिल्या रचनेचा सुकाळ आणि दुसरीचा दुष्काळ असणे, हा या गद्याचा मुख्य दोष होय. प्रमाणाचा संबंध सांगण्यास तर मराठीजवळ ‘जसजसा–तसतसा’ ही रचना सिद्धच आहे : चुंबकाचा वेग जसजसा वाढतो, तसतसा विरोधही वाढतो, आणि उताराची ओढ व एकूण विरोध तुल्य झाले की वेग स्थिरावतो. येथे एकाही परक्या शब्दाची गरज पडलेली नाही.

अशा नेमक्या वाक्यातून पुढचे प्रश्न आपोआप निघतात. कारण पत्र्यातील प्रवाह असेल, तर धातूची वाहकता बदलताच गती बदलली पाहिजे; आणि ती बदलते. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्के, पितळेची सुमारे चतुर्थांश, तर स्वयंपाकघरातील स्टीलची सुमारे चाळिसावा हिस्सा. म्हणून तांब्याच्या जाड पत्र्यावर चुंबक सर्वांत संथ उतरतो, पातळ वर्खावर परिणाम जेमतेम जाणवतो. ‘पत्रा धरतो’ म्हणणाऱ्यास यातील एकही प्रश्न सुचणार नाही, कारण त्याच्या वाक्यात विचारण्याजोगे काही उरलेलेच नाही.

मराठी शास्त्रास असमर्थ आहे, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. प्रस्तुत उदाहरणात तो टिकत नाही. साधने भाषेत आहेत. निवड लेखकाची आहे. पदव्युत्तर मराठीच्या अभ्यासात ललित गद्याच्या शैलीस जे स्थान आहे, त्याचा थोडा अंश या साध्या प्रयोगलेखनाच्या वाट्यास आला, तर त्याचा लाभ त्या मुलांस होईल, ज्यांना विज्ञानाची पहिली ओळख मराठी वाक्यातूनच व्हावयाची असते.