‘सुधारित’ या शब्दाची झाडाझडती

‘जेनेटिकली मॉडिफाइड’ या शब्दांसाठी मराठीत सर्रास ‘जनुकीय सुधारित’ लिहिले जाते. कोणी ‘जनुक परावर्तित’ लिहितो, कोणी नुसते ‘जीएम’. शेतकरी ‘बीटी’ म्हणून मोकळा होतो. माझी तक्रार त्या पहिल्या शब्दाबद्दल आहे आणि ती भाषाशुद्धीची नाही. मराठीतील जीएम-चर्चा गेली वीसेक वर्षे चुकीच्या बांधावर उभी राहून भांडते आहे, आणि तिला तिथे नेऊन उभे करण्यात या शब्दाचा मोठा हात आहे, असे माझे मत आहे.

‘मॉडिफाइड’ म्हणजे बदललेले. बदल चांगला की वाईट, हे तो शब्द सांगत नाही. ‘सुधारित’ सांगतो. वादाचा निकाल नावातच लागलेला असेल तर वाद कशाचा करायचा? पण ही झाली ढोबळ तक्रार. खरी अडचण पुढे आहे. शेतीच्या मराठीत ‘सुधारित वाण’ या शब्दांना फार आधीपासून एक नेमका अर्थ आहे. अकोला, परभणी, राहुरी येथील कृषी विद्यापीठांच्या कोणत्याही पुस्तिकेत ‘सुधारित’ आणि ‘संकरित’ असे दोन वेगळे रकाने सापडतील. सुधारित म्हणजे निवडीने तयार केलेले सरळ वाण. त्याचे बी राखून ठेवता येते, पुढच्या वर्षी पेरता येते, शेजाऱ्याला देता येते. संकरित म्हणजे दोन भिन्न वाणांच्या मीलनाची पहिली पिढी. तिचे बी पेरले तर शेतात एकसारखे पीक येत नाही, म्हणून दरवर्षी दुकानात जावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक जनुकाच्या फरकापेक्षा मोठा आहे. आणि भारतातील बीटी कापूस जवळजवळ सगळा संकरित आहे. त्याला ‘जनुकीय सुधारित’ म्हणताना आपण नेमका तो फरकच पुसून टाकला.

‘संकरित’ हा शब्द टाळण्यामागे थोडा संकोचही असावा. ‘संकर’ला आपल्याकडे वर्णसंकराचा जुना डाग आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हा खेड्यात तिला सरळ ‘हायब्रीड’ म्हटले गेले, आणि पुढे बोलीत हा शब्द माणसांनाही लागला. अंगात जोर नसलेली, दिसायला टरारलेली पिढी म्हणजे ‘हायब्रीड’. ज्या शब्दाला लोकांनी शिवी केले, तो पाकिटावर कोण मिरवील?

आता कापसाकडे वळू. मार्च २००२ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिको-मोन्सँटोच्या तीन बीटी कापूस वाणांना परवानगी दिली. महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात १९६४ मध्ये उभी केलेली कंपनी. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत ‘नवभारत १५१’ हे वाण विनापरवाना बीटी असल्याचे उघड झाले होते. म्हणजे कायद्याच्या आधी बी पोचले होते. मातीतील एका जिवाणूचे क्राय१एसी हे जनुक कापसात घातले की झाड बोंडअळीला मारक प्रथिन तयार करते. २००६ मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. दहा-बारा वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. हिरव्या म्हणजे अमेरिकन बोंडअळीवरचा फवारा खरोखर घटला. हा फायदा नाकारणारे लेखन मी वाचले आहे, आणि ज्याने नव्वदच्या दशकातली ती अळी पाहिली आहे तो असे लिहिणार नाही.

ते जनुक कशात बसवून विकले गेले, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात ते सरळ वाणांत आहे. आपल्याकडे १९७० मध्ये सुरतेहून ‘हायब्रीड-४’ हे व्यापारी लागवडीचे पहिले संकरित कापूस वाण आले आणि पुढे खासगी बियाणे व्यवसाय संकरितावरच वाढला; त्यामुळे कंपनीला इथे कुलूप वेगळे घडवावे लागले नाही. संकर हेच कुलूप. २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देतो. जगात असा उदार कायदा क्वचितच सापडेल. पण जे बी राखून उपयोगच नाही, त्यावरचा हक्क काय कामाचा? सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे होते आणि त्यातला मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा भाव साडेसातशेवर आला.

महाग बियाणे माणूस जपून टोबतो. झाडे विरळ लावतो, एकेका पऱ्हाटीकडून भरपूर बोंडांची अपेक्षा करतो, आणि पीक शेतात लांबते. पाणी असेल तर फरदड घेतो. शेंदरी, म्हणजे गुलाबी बोंडअळीला यापेक्षा वेगळे काय हवे? ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यात संकरित झाडाला बीटी जनुक एकाच पालकाकडून मिळालेले असले, की मेंडेलच्या हिशेबाने त्याच्या बोंडातील दर चार सरक्यांपैकी सरासरी एकीत ते नसते. एकाच बोंडात विष असलेले आणि नसलेले दाणे शेजारी शेजारी. अळीला प्रतिकार शिकवायची शाळाच म्हणा. या शाळेवर उतारा म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे, ज्याला शेतकरी ‘रेफ्युजी’ म्हणत, कडेने लावायला दिले जाई. ते बहुतेकांनी लावले नाही. दोन-चार एकरांच्या मालकाने अळीसाठी कडेच्या ओळी सोडून द्याव्यात, ही अपेक्षा ज्यांनी कागदावर उतरवली त्यांनी कोरडवाहू शेत पाहिले नसावे.

२०१० मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडल्याचे कंपनीनेच जाहीर केले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांचा कापूसही किडला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली. आणि पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. बीटी तिथेही होते. सोबत आश्रय-ओळी होत्या, वांझ केलेले पतंग सोडण्याची मोहीम होती आणि वेळेवर शेत मोकळे करण्याची शिस्त होती. जनुक तेच, अळी तीच.

या दोन वर्षांची तुलना मराठी लेखनात ठळकपणे कुठे आली? माझ्या वाचनात फारशी नाही. आपल्याकडे दोन फळ्या आहेत. विरोधकांची फळी ‘टर्मिनेटर’ बियाण्याची कथा सांगते. असे वांझ बियाणे जगात कुठेही बाजारात आले नाही, आणि आपल्या २००१ च्या कायद्याने अशा तंत्राला नोंदणीच बंद केली आहे. बीटी कापसाचे बी उगवते, हवे त्याने पेरून पाहावे. ही फळी प्रत्येक शेतकरी आत्महत्या बीटीच्या खात्यावर टाकते आणि कर्ज, पाऊस, हमीभाव यांची चौकशी संपवून टाकते. समर्थकांची फळी उत्पादनाचा आलेख दाखवते आणि २००७-०८ पाशी थांबते. त्यानंतर एखाददुसरे वर्ष सोडले तर आलेख रेंगाळला आणि उतरला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला. उत्पादनवाढीत खताचा वाटा मोठा होता आणि कीटकनाशकांवरचा खर्च पुन्हा बीटीपूर्व पातळीच्या वर गेला, असे त्यांनी दाखवले. त्यावर प्रतिवाद झाले, ते होणारच. पण क्रांती बीटीविरोधक नव्हेत, हे दोन्ही फळ्यांना अडचणीचे.

शेतकरी संघटनेची भूमिका मात्र मी वेगळी काढतो. शरद जोशींनी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी केली ती शेतकऱ्याच्या बाजूने, आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर येथे तणनाशक-सहनशील कापसाची उघड पेरणी करून कार्यकर्त्यांनी ती सत्याग्रहाच्या भाषेत उतरवली. या बियाण्याला बाजारात ‘चोर बीटी’ म्हणतात. काय चपखल नाव! पण स्वातंत्र्य मागताना तेही दुकानातले दुसरे पाकीट निवडण्यापुरतेच मागितले गेले. घरचे बी पेरण्याचे स्वातंत्र्य त्या मागणीत मला ठळक दिसले नाही.

आणि तसे बी एकदा झाले होते. धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था यांनी ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण काढले. सरकारी, स्वस्त, राखून पेरता येणारे. म्हणजे खऱ्या अर्थाने ‘जनुकीय सुधारित’. २००९ मध्ये ते बाजारात आले आणि लगेच मागे घेतले गेले, कारण त्यात मोन्सँटोचेच जनुक आढळले. चौकशी समिती बसली, अहवाल आला. या प्रकरणावर कादंबरी व्हावी. सार्वजनिक विज्ञानाची ही घसरण कोणत्याही कंपनीच्या कारस्थानापेक्षा जास्त काळ शेतकऱ्याला महाग पडली.

वांग्याचे उदाहरण जोडीला ठेवतो. ऑक्टोबर २००९ मध्ये समितीने महिकोच्या बीटी वांग्याला हिरवा कंदील दिला. जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. तेच जनुक बांगलादेशाने आपल्या सरकारी संस्थेच्या सरळ वाणांत घेतले; २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांनी ते लावले आणि बी राखले तरी चालेल असे त्यांना सांगण्यात आले. आपण मात्र ‘आम्ही जीएम खात नाही’ या समाधानात आहोत. सरकीचे तेल आपल्या खाद्यतेलांत आहे, आणि सरकीची पेंड खाणाऱ्या म्हशीचे दूध आपल्या चहात. शुद्ध तेलात प्रथिन उरत नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ‘खात नाही’ हे वाक्य खोटे आहे.

औषधाच्या बाबतीत हाच समाज इतका निर्धास्त कसा? १९८२ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेले मानवी इन्सुलिन हे जनुक बदललेल्या जिवाणूने बनवलेले आहे. त्याआधी ते डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. जीएम वांग्याविरुद्ध सही करणारा मधुमेही रोज सकाळी जीएम जिवाणूचे उत्पादन टोचून घेतो, असे म्हणून त्याला हसणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. जिवाणू पोलादी टाकीत बंद असतो, बी उघड्या शेतात असते; पतंगाला बांध कळत नाही. शिवाय सुई टोचून घेणाऱ्यालाच लाभ होतो आणि धोकाही त्यालाच. शेतात लाभ एकाचा, धोका शिवाराचा. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी हिपॅटायटिस-बी लस काढली, मग इतरही आले आणि आयात लशीचा भाव कोसळला. औषधातील कुलूप असे उघडले.

आता नवा शब्द आला आहे: ‘जनुक संपादन’. दिवाळी अंकाच्या वाचकाला संपादन म्हणजे काय ते सांगायला नको. संपादक काय कापतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, हे लेखक जाणतात. मार्च २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक न घालता संपादित केलेल्या पिकांना जुन्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताची दोन संपादित वाणे जाहीर झाली. ती सरळ वाणे आहेत, ही मला त्यांतील सर्वांत महत्त्वाची बातमी वाटली. बातम्यांत ती शेवटच्या परिच्छेदातही नव्हती.

माणसाच्या बाबतीत हा शब्द आपल्या दाराशी सिकलसेलच्या रूपाने येऊन उभा आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, तसेच पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा आजार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या संपादन-उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःचा उपचार विकसित करायला घेतला असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी हात मिळवला आहे. म्हणजे कुलपाचा प्रश्न इथे निदान वेळेवर विचारला गेला.

शब्दांचा अजून नाही. मराठी बातम्या ‘सदोष जनुक’ लिहितात. हे जनुक एकाच पालकाकडून आले तर ते हिवतापापासून बचाव करते, म्हणूनच ते हिवतापाच्या जंगलांत टिकले. दोन्हीकडून आले तर आजार होतो. एकीकडे ढाल असलेल्या गोष्टीला सदोष म्हटले, की तो दोष जनुकावरून माणसावर, माणसावरून जमातीवर सरकतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम सात कोटी लोकांची तपासणी करून हाती कार्ड देणार आहे, आणि लग्न जुळवताना ते पाहावे असा सल्ला देते. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण ते कार्ड मुलीकडून आधी मागितले जाईल, हे सांगायला संशोधन लागत नाही.

उद्या हा उपचार गडचिरोलीच्या मुलीपर्यंत पोचला, तर तिच्या अस्थिमज्जेतील पेशी काढून, संपादित करून परत घालण्याआधी तिला तीव्र औषधे देऊन मज्जा रिकामी करावी लागेल, आणि त्यात तिची मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. हे वाक्य संमतीपत्राच्या पहिल्या पानावर हवे. माडियात, गोंडीत, पावरीत. मराठी प्रतीत ‘सुधारणा’ हा शब्द कुठेही नको.