गुण नोंदवणारं एक वाक्य

मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत असाइनमेंटचे गुण नोंदवणारं एक फंक्शन आहे, सेव्ह ग्रेड. त्याची ओळख मुळात एका इंग्रजी वाक्यात दिली आहे. त्याचा आशय असा: एका विद्यार्थ्याच्या गुणांतला बदल नोंदवतं. शेजारी त्याचा जुळा भाऊ उभा आहे, सेव्ह ग्रेड्स, म्हणजे अनेकांच्या गुणांतले बदल एकदम. नावांत फरक एका 'एस'चा, पण दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी वाचली की गोंधळ उरत नाही. कमी शब्दांत एवढं साधणं सोपं नाही.

मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सुरू केलेल्या मूडलची पहिली आवृत्ती 2002 साली आली. फंक्शनची ही वर्णनं प्रोग्रामरसाठी लिहिलेली. प्रोग्रामर वाक्यावर विसंबत नाही. शंका आली तर मूळ कोड उघडतो, सहकाऱ्याला विचारतो. 2023 च्या जूनमध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलना फंक्शन बोलावण्याची सोय दिली, 2024 च्या नोव्हेंबरात अँथ्रोपिकने मॉडेलना बाहेरची टूल जोडून देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, आणि या वाक्यांना नवा वाचक मिळाला: एआय एजंट. फंक्शन त्याच्यापुढे टूल म्हणून येतं: नाव, वर्णन आणि पॅरामीटरची यादी. कोड उघडून बघण्याची सोय त्याला सहसा नसते. मास्तरांनी "याला आठ गुण द्या" म्हटलं, की जे करायचं ते तेवढ्यावरच.

त्या वाचकाच्या नजरेने पॅरामीटर वाचत गेलं की खरी गंमत येते. ग्रेड या पॅरामीटरपुढे लिहिलंय की हे नवे गुण, पण प्रगत मूल्यांकन वापरलं असेल तर यांच्याकडे दुर्लक्ष होईल. अख्ख्या वर्णनातलं माझं सर्वांत आवडतं वाक्य हेच. रुब्रिक, म्हणजे निकषांचा तक्ता, हा प्रगत मूल्यांकनाचाच प्रकार; तो लावलेल्या असाइनमेंटला नुसता आकडा पाठवला तर तो कामाचा नाही, हे आधीच कळतं. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. ते कुठे काहीच करणार नाही हे लिहायला ते वापरून पोळलेला माणूस लागतो. प्रयत्न-क्रमांकाच्या पॅरामीटरलाही असाच कंस आहे: उणे एक म्हणजे सर्वांत अलीकडचा प्रयत्न. कंस नसता तर उणे एकाचा अर्थ कोण सांगणार? मूडलच्या आत, गुणांच्या रकान्यात हाच उणे एक 'गुण दिलेले नाहीत' या अर्थाने वावरतो. तेव्हा तो कंस सोन्याच्या मोलाचा.

पुढे मात्र लेखणी दमलेली दिसते. तपासणीचा टप्पा सांगणाऱ्या पॅरामीटरपुढे एवढंच आहे: तपासणीची पुढची स्थिती. कोणत्या स्थिती? मूडलमध्ये त्या ठरलेल्या आहेत: न तपासलेलं, तपासणी चालू, फेरतपासणीसाठी तयार, फेरतपासणी चालू, जाहीर करण्यास तयार, जाहीर. शेवटची स्थिती दिली की गुण विद्यार्थ्याच्या पडद्यावर. वर्णनात यातली एकही नाही. माणूस कुठून तरी शोधून काढेल, एजंट अंदाज बांधेल. शाळा-कॉलेजात निकाल अंदाजाने जाहीर झाला तर काय होतं, हे परीक्षा विभागात बसलेल्या कुणालाही विचारा.

आणि मग येतो 'सर्वांना लागू करा' हा पॅरामीटर. 'हो' म्हटलं तर गटाच्या असाइनमेंटमध्ये हेच गुण गटातल्या सगळ्यांना मिळतील, असं वर्णन सांगतं. स्वतंत्रपणे वाचलं तर वाक्य निर्दोष आहे. पण वरचं, ओळख करून देणारं वाक्य पुन्हा वाचा: एका विद्यार्थ्याच्या गुणांतला बदल. खालच्या ओळीने वरच्या ओळीचा शब्द मोडला! प्रोग्रामरला हे खटकत नाही, त्याला संदर्भ ठाऊक असतो. एजंटने मात्र वरच्या वाक्यावर विश्वास ठेवून टूल निवडलेलं असतं आणि खाली 'हो' की 'नाही' हे त्याला भरावंच लागतं. कुठलं भरायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. एका मुलीला दिलेले आठ गुण गटातल्या चौघांच्या नावावर चढू शकतात. कुठे एररसुद्धा येणार नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या काही चुकलेलंच नसतं.

माझ्या मते वर्णनाचं पहिलं वाक्य असं हवं: "एका विद्यार्थ्याचे गुण बदलतं, गटाची असाइनमेंट असल्यास आणि 'सर्वांना लागू करा' निवडल्यास गटातल्या प्रत्येकाचे बदलतात. शिक्षकाने तसं सांगितलं नसेल तर 'नाही' पाठवा." मूळ वाक्याचा डौल यात जातो, हे मान्य. थोडं लांबलं, आज्ञार्थी झालं, दफ्तरी वाटतं. तरी मी हेच घेईन, कारण गुण बदलण्याआधीच यात परिणाम दिसतो.

आपल्या कॉलेजात मूडलला एजंट जोडायची तयारी चालू असेल, तर जोडणी करणाऱ्यांनी गुणांना हात लावणाऱ्या टूलची वर्णनं आधी शिकवणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावीत. त्याने जिथे "म्हणजे काय?" असं विचारलं, ती ओळ पुन्हा लिहावी. मूडल जीपीएल परवान्याखालचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. आपल्या प्रतीतलं वाक्य बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.