पासवाल्या पोरांचं बोर्डिंग



अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत गेली काही दशकं एक प्रयोग चालू आहे. तिकडे त्याला ‘लर्निंग कम्युनिटी’ म्हणतात, आज आम्ही त्याला ‘जोडवर्ग’ म्हणणार आहोत. पद्धत साधी आहे. नव्याने आलेल्या वीस-पंचवीस मुलामुलींचा एक गट करायचा. त्या गटाने दोन-तीन विषय एकत्रच शिकायचे. आणि त्या विषयांच्या शिक्षकांनी आधी एकत्र बसून आपले धडे एकमेकांत गुंफायचे. मानसशास्त्राच्या तासाला जे वाचलं, त्यावरच भाषेच्या तासाला निबंध लिहायचा. या कल्पनेचं मूल्यमापन आम्हाला करायचं आहे, आणि ते कोल्हापुरात बसून करायचं आहे.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजाचं आम्हाला काय? ते कॉलेज कसं असतं बघा. दोन वर्षांचं, आपल्याच गावातलं, कमी फीचं. मुलं घरून येतात, नोकरी सांभाळून शिकतात, कित्येक जण घरातले पहिलेच कॉलेजात पाऊल ठेवणारे. यूजीसीने त्याच नावाची योजना आपल्याकडे आणली, पण ती कौशल्य-अभ्यासक्रमांपुरती राहिली. नाव बाजूला ठेवून काम पाहिलं, तर आपली खरी कम्युनिटी कॉलेजं म्हणजे गारगोटी, गडहिंग्लज, चंदगड, मलकापूर इथली कला आणि वाणिज्य महाविद्यालयं. सकाळच्या एसटीने पोरं येतात आणि दुपारची गाडी गाठायला शेवटच्या तासाला दप्तर आवरून बसतात. त्यांना आम्ही पासवाली पोरं म्हणतो. आजचा विषय त्यांचा आहे.

कल्पनेचं मूळ एका तत्त्वज्ञाकडे जातं, याचं आम्हाला अर्थातच बरं वाटतं. अलेक्झांडर मिकलजॉन यांनी १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘एक्स्पेरिमेंटल कॉलेज’ काढलं. पहिलं वर्ष प्राचीन अथेन्स, दुसरं वर्ष आधुनिक अमेरिका, आणि सगळे विषय त्याच्या पोटात. मुलं आणि शिक्षक एकाच वसतिगृहाच्या आवारात. १९३२ मध्ये ते बंद पडलं. पण ज्ञानाचे तुकडे करून मुलांच्या हातात द्यायचे आणि जोडायची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकायची, हे अन्यायाचं आहे, एवढी गोष्ट त्याने कायमची सांगून ठेवली.

पुढे ही कल्पना कम्युनिटी कॉलेजांत आली, आणि तिथे तिची कसून परीक्षाही झाली. ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन भागांत वाटणी केली. काहींना जोडवर्ग, काहींना नेहमीचे वर्ग. जोडवर्गातल्या मुलांनी त्या सत्रात थोडे जास्त विषय पार केले, इंग्रजीच्या पायरीवरून ती लवकर पुढे सरकली. फायदा झाला, पण माफक. नंतर सहा कॉलेजांत तपासणी झाली, तेव्हा एका सत्राच्या जोडवर्गाचा परिणाम पुढे फारसा टिकत नाही असं दिसलं. अनेक ठिकाणी वेळापत्रक जोडलं गेलं होतं, धड्यांची जोडणी मात्र ढिली होती.

इथे आमच्या वैशेषिकांचा एक भेद कामाला येतो. संयोग वेगळा आणि समवाय वेगळा. ताटात फळ ठेवलं तर तो संयोग. उचललं की ताट ताट राहतं, फळ फळ राहतं. धाग्यांचं आणि वस्त्राचं नातं समवायाचं. धागे उसवले की वस्त्र उरतच नाही. इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एकाच गटाला सोमवारी दहाला अर्थशास्त्र आणि अकराला मराठी ठेवलं, तर तो संयोग झाला. किंग्जबरोचा माफक निकाल आम्ही असा वाचतो, की बऱ्याच जोडवर्गांत संयोग होता, समवाय घडायचा राहिला.

आता आपल्या गावाकडे येऊ. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच सुमाराचं जैन बोर्डिंग, १९०८ चं मिस क्लार्क बोर्डिंग. शाहू महाराजांनी ओळखलं होतं, की खेड्यातलं पोरगं शाळेत घातल्याने शिकत नाही, त्याला संध्याकाळी दिव्याखाली बसायला सोबत लागते. ती सोबत त्यांनी जातवार दिली, कारण त्या काळात एकत्र पंगतीला बसणारी मुलंच मिळत नव्हती. आणि या जातवार सोयीची मर्यादा याच बोर्डिंगांतल्या एका मुलाने ओळखली. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेल्याबद्दल भाऊराव पाटलांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. मुलं तिथे एकत्र राबत, एकत्र जेवत, एकत्र वाचत. आमच्या मते तो महाराष्ट्राचा जोडवर्गच होता, फक्त तो वर्गाबाहेर भरत होता.

वर्गाच्या आत असं काही झालं का? गारगोटीला झालं. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, पुढे जे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, त्यांचा मौनी विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा होता. १९५६ पासून देशात ज्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निघाल्या, त्यांत गारगोटीची एक. तीन वर्षांचा ग्रामसेवेचा अभ्यासक्रम होता, आणि शिकणं, गावात जाऊन काम करणं व पाहणी करणं ही तिन्ही अंगं एकत्र धरलेली होती. पुढे अशा बहुतेक संस्था विद्यापीठांच्या नेहमीच्या चौकटीत सामावल्या. पेपर वेगळे झाले, प्राध्यापक वेगळे झाले, आणि गाव अभ्यासक्रमातून बाहेर पडलं.

आता २०२० चं शैक्षणिक धोरण आलं आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्य, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली. हेतू बहुविद्याशाखीय आहे, आणि हेतूशी आमचं भांडण नाही. पण कॉलेजात जाऊन बघा. मुख्य विषयाला एक गट, गौण विषयाला दुसरा, इलेक्टिव्हला तिसराच. ‘आमचा वर्ग’ म्हणावा असं काही उरलेलं नाही. बोर्डिंगमध्ये राहणाऱ्याला निदान खोलीतला सोबती असतो. पासवाल्या पोराला वर्ग हीच एक जागा होती, ती त्याच्या पायाखालून गेली. चार दिवस गैरहजर राहिलं तर ‘का रे, आला नाहीस?’ असं विचारणारं कोणी नाही. गळती सुरू होते ती तिथून.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे, की जोडवर्ग हे पासवाल्या पोरांचं बोर्डिंग आहे. शाहू महाराजांनी घरापासून दूर राहणाऱ्याला सोबत दिली. रोज घरी परतणाऱ्याला ती वर्गातच द्यावी लागेल.

तो वर्ग कसा असेल? पंचगंगा घ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पर्यावरणाच्या तासाला पूर का येतो ते शिकावं. सांख्यिकीच्या तासाला २०१९ आणि २०२१ च्या पाणीपातळीचा आलेख काढावा. राज्यशास्त्राच्या तासाला अलमट्टीच्या पाण्याचा निर्णय कोण घेतं, दोन राज्यांचं कसं जमतं, याचा उलगडा व्हावा. आणि मराठीच्या तासाला शिरोळच्या एखाद्या घराच्या पंचनाम्यावर हरकतीचा अर्ज लिहावा. विषय चार, नदी एक. हा समवाय. यातलं एकही प्रकरण अभ्यासक्रमाबाहेरचं नाही, फक्त चार शिक्षकांनी एका टेबलाशी बसायला हवं.

आणि घोडं तिथंच अडतं. बसायचं कोणी? आज कित्येक कॉलेजांत निम्मा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. सहकाऱ्याबरोबर बसून धडा गुंफण्याला दर नाही. एक तास या कॉलेजात, दुसरा पुढच्या गावात, अशा माणसाकडे आपण समवाय मागायचा कोणत्या तोंडाने? त्या बैठकीच्या तासाला मानधन नसेल, तर जोडवर्ग ही वेळापत्रकाची हातचलाखी ठरेल, आणि दोन वर्षांनी ‘प्रयोग फसला’ असा अहवालही तयार होईल.

दुसरा धोका गट पाडण्याचा. कमी गुणांची पोरं एका गटात, हुशार दुसऱ्या गटात, असं केलं तर पोरांना कळायला आठवडासुद्धा लागणार नाही. जातवार बोर्डिंगला त्या काळाची सक्ती होती. गुणवार जोडवर्गाला कसलीच सक्ती नाही. गट मिसळलेलेच हवेत. भाऊरावांनी ते शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे.

तिसरी गोष्ट, एकट्या जोडवर्गाने सगळं होणार नाही. न्यूयॉर्कच्याच सिटी विद्यापीठाने ‘असाप’ नावाची योजना केली. त्यात जोडलेले वर्ग होते, जवळून लक्ष ठेवणारा सल्लागार होता, फीची आणि पुस्तकांची मदत होती, आणि चक्क बस-रेल्वेचा पासही होता. ही साथ तीन वर्षं. तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. एका सत्राचा जोडवर्ग माफक ठरतो आणि तीन वर्षांची साथ जवळपास दुपटीवर नेते, यातून घ्यायचा तो धडा सरळ आहे. बोर्डिंगही कुणी एका सत्रासाठी बांधलं नव्हतं.

तेव्हा इथे बसलेल्या प्राचार्यांना आमची विनंती एवढीच, की येत्या जूनमध्ये एकच गट करून पाहा. पंचवीस पोरं, दोन विषय, दोन शिक्षक, आठवड्यात एक तास त्या दोघांनी एकत्र बसण्याचा आणि त्या तासाचं मानधन संस्थेच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं. आणि तास ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. शेवटचा तास गाडीच्या आधी संपू द्या.