संरक्षित वाडा आणि घरपणाचा प्रश्न : विश्रामबागवाडा व खानदेशातील धाब्याची घरे

प्रस्तावना :
वास्तुवारशाच्या चर्चेत मंदिरे, किल्ले व लेणी यांना जे स्थान लाभते, ते निवासी वास्तूंना क्वचितच लाभते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे अस्तित्व आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलात्मक महत्त्व आवश्यक मानले आहे. या निकषांवर एखादा वाडा 'स्मारक' ठरू शकतो. त्याचे 'घर' असणे मात्र त्यात कितपत सामावते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विश्रामबागवाडा :
पुण्यातील हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला व तो १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब हे त्याचे वैशिष्ट्य होय. रस्त्याकडे संयत, आतील चौकाकडे मोकळी अशी वाड्याची रचना असते. युरोपीय प्रबोधनकाळातील नागरी निवासाशी तिचे साम्य जाणवते. फ्लोरेन्स येथे १४४४ मध्ये सुरू झालेला मेदिची घराण्याचा प्रासादही अंगणाभोवतीच उभा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. पुढे येथे नगरपालिकेची कचेरीही होती. वास्तू टिकली ती केवळ कायद्यामुळे नव्हे, तर वापर खंडित न झाल्यामुळे. मात्र या वापरात खांब वाचले आणि माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांचा परस्परसंबंध पुसट झाला, हेही नाकारता येत नाही.

खानदेशातील संदर्भ :
जळगाव व धुळे परिसरातील धाब्याच्या घरांना असा राजाश्रय नव्हता. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर खाऱ्या पांढऱ्या मातीचे सपाट छप्पर ही रचना येथील कडक उन्हाळ्याला अनुरूप आहे. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती घालावी लागते. हे काम एक वर्ष चुकले तरी छत गळू लागते व लाकूड कुजते. म्हणजेच येथे वारसा वास्तूइतकाच दरवर्षीच्या निगेत आणि ती जाणणाऱ्या हातांत आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या वापरातील वस्तू जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात जतन केल्या आहेत. या वस्तूंचे मोल थोर कवयित्रीमुळे सर्वमान्य झाले. ज्या घरांत कोणी कवी जन्मला नाही, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :
सारांश, संरक्षणाचा निकष घराण्याच्या कीर्तीवर व कोरीव कामावर थांबणे अपुरे आहे. साध्या घरांचे मोजमापासह आलेखन, राहत्या कुटुंबाला डागडुजीसाठी साहाय्य आणि धाबे घालणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाची नोंद या तिन्ही गोष्टी एकत्र व्हावयास हव्यात. सिमेंटचा स्लॅब पडला की धाबे परत येत नाही. त्याबरोबर ते घालण्याची रीतही जाते.