‘बीट’, ठेका आणि लय : एका पर्यायशब्दाची चिकित्सा

इंग्रजीतील ‘बीट’ या शब्दाला मराठीत पर्याय सुचवावयाचा झाल्यास ठोका, ठेका, ताल, मात्रा आणि लय हे पाच शब्द सहज समोर येतात. अनुवादात आणि अध्यापनात ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे शब्द समानार्थी नाहीत. ‘बीट’ आणि ‘लय’ हे तर एकाच अनुभवाच्या दोन भिन्न बाजूंना दिलेली नावे आहेत. हा भेद दृष्टीआड झाला की काव्यसमीक्षेतील काही प्रश्न धूसर होतात.

‘बीट’ या शब्दाच्या मुळाशी मारणे, आघात करणे ही क्रिया आहे. हृदयाचा ठोका, वाद्यावरील कालाघात, प्रतिस्पर्ध्याचा पराभव, पहारेकऱ्याची ठरलेली गस्त या त्याच्या विविध अर्थच्छटा होत. यांपैकी गस्तीचा अर्थ पोलिसांच्या आणि वनरक्षकाच्या ‘बीट’च्या रूपाने मराठी व्यवहारात पुरता रुळला आहे. १९५०च्या दशकातील अमेरिकन ‘बीट’ लेखकांनी या शब्दात मार खाऊन थकलेपण आणि जाझ संगीताचा ठोका एकत्र ऐकला. जॅक केरुॲकने त्याला धन्यतेचाही अर्थ जोडला. हा शेवटचा अर्थ वगळता उरलेल्यांच्या मागे कोठे ना कोठे आघातच आहे.

‘लय’ या शब्दाची घडण नेमकी उलट आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचे अर्थ चिकटणे, लीन होणे, विरून जाणे असे आहेत. विलय आणि प्रलय हे त्याचेच सगोत्र. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने क्रियेनंतरच्या विश्रांतीला लय म्हटले आहे. म्हणजे हाताने दिलेला आघात ही लय नव्हे. त्यानंतरचे अंतर ही लय. ते अंतर किती, यावरून ती द्रुत, मध्य किंवा विलंबित ठरते. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी पडते. नवव्या मात्रेवर मात्र ‘खाली’ असते. तेथे हात टाळी न देता बाजूला उघडला जातो. ही जागा मोजली जाते, पण तेथे टाळीचा आघात नसतो. तिला ‘बीट’ म्हणणे म्हणजे न मारलेल्या टाळीला टाळी म्हणणे होय.

मराठी छंदाच्या बाबतीत हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण असतो. केवळ मोजणीच्या दृष्टीने पाहिले तर शेवटी दोन अक्षरांची तूट दिसते. लयीच्या दृष्टीने पाहिले तर ती तूट नसून योजलेली विश्रांती आहे. गाताना तेथे स्वर लांबतो किंवा थांबतो. टाळ मात्र चालूच राहतो. माधव ज्यूलियन यांच्या ‘छंदोरचने’ने वृत्त, जाती आणि छंद अशी शिस्तबद्ध विभागणी केली, तर ना. ग. जोशी यांनी त्याच क्षेत्राचा लयदृष्ट्या पुनर्विचार केला. मोजणीकडून विश्रांतीकडे जाणारा हा मार्ग ‘बीट’च्या परिभाषेत मांडता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मर्ढेकरांनी ‘लय’ ही संज्ञा कालनिष्ठ कलांपुरती ठेवली नाही. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांच्या आधारे तिला सर्वच कलाकृतींच्या घटनेचे तत्त्व केले. मग लय म्हणजे विश्रांती, हा आग्रह कितपत टिकतो? एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५१ मध्ये दाखविले की, ‘ऱ्हिदम’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा जुना अर्थ प्रवाही वस्तूने क्षणभर धारण केलेला आकार असा होता, प्लेटोने त्याला नृत्यातील मापाशी जोडले. मर्ढेकरांची लय या जुन्या अर्थाच्या जवळची आहे. तिचे सामर्थ्य मान्य करूनही म्हणावे लागेल की, सर्व कलांना सामावून घेताना या संज्ञेतील थांबणे हरवले.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे ज्या छत्तीसगढशी मराठीचा जुना संबंध आहे, तेथील भिलाईचे उदाहरण घेऊ. पोलाद कारखान्याच्या या बहुभाषिक वसाहतीत, सिविक सेंटरमध्ये, ‘ठेका’ हा शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याला तबल्याआधी कंत्राटी काम आठवणे स्वाभाविक आहे. या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील ठेका मजुरांची संघटना १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच नियोगींची हत्या झाली. दोन्ही अर्थांची व्युत्पत्ती एक की भिन्न, हा प्रश्न निराळा. परंतु ज्या गावात या शब्दावर एवढा इतिहास साचला आहे, तेथे तो ‘बीट’चा निरुपद्रवी पर्याय उरत नाही.

याच परिसरातल्या पंडवानीने आणखी एक बाजू पुढे आणली आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या आणि याच कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंनी ही कला जगभर नेली. पंडवानीत गाणाऱ्याच्या प्रत्येक विधानाला ‘रागी’ हुंकार देतो आणि त्याशिवाय कथन पुढे सरकत नाही. आपल्या पोवाड्यातील झीलकऱ्याचे कार्य याहून वेगळे नाही. क्रियेनंतरच्या विश्रांतीत येथे दुसरा माणूस उभा राहतो. आघात एकट्याला करता येतो. हुंकाराला मात्र ऐकणारा लागतो.

तेव्हा अनुवादकाने ‘बीट’साठी एकच शब्द शोधण्यापेक्षा संदर्भात आघात, माप, बंध की विश्रांती यांपैकी काय अभिप्रेत आहे ते आधी ठरवावे आणि त्यानुसार ठोका, मात्रा, ठेका वा लय योजावी, संपूर्ण आवर्तन अभिप्रेत असेल तेथेच ताल म्हणावे. इंग्रजी शब्दाला आपल्याकडे पाच पर्याय आहेत यात भूषण मानावयाचे, तर ते पाच निरनिराळ्या गोष्टी सांगतात म्हणून. ‘खाली’साठी तिकडे शब्द नाही, ही उणीव तुलनाकाराने नोंदवावी, झाकू नये.